सुरेखाचा आवाज

कुणी मला "टीचर, तुमचं मराठी किती छान आहे हो!" म्हटलं की माझं डोकं सणकतं. चौतीस वर्षं माणिकपूरच्या एका शाळेत मी मराठीच शिकवलं, मग काय जपानी छान असायला हवं होतं? पण नाव इनेझ आणि गळ्यात क्रूस म्हटल्यावर लोकांना कौतुक वाटतं. वाटू दे. दहावीला माझ्या वर्गाचा मराठीचा निकाल कधी नव्वदच्या खाली आला नाही, हे मी त्यांना तिथल्या तिथे सुनावते आणि पुढे चालू लागते.

तरी वसईत मी टीचर म्हणून कमी आणि सुरेखा म्हणून जास्त ओळखली जाते. सत्त्याऐंशी साली टीव्हीवर ‘जिना चढून उजवीकडे’ नावाची तेरा भागांची मालिका लागायची. त्यातली शेजारची सुरेखा म्हणजे मी. बावीस वर्षांची, दोन वेण्या घातलेली, आणि प्रत्येक भागात एकदा तरी "अगंबाई, दूध उतू गेलं वाटतं!" म्हणत आत पळणारी. तेवढं एक वाक्य लोकांच्या डोक्यात बसलं. लग्नात, बाप्तिस्म्याला, माझ्या स्वतःच्या निरोप समारंभात, कुणी ना कुणी माईक पुढे करतंच. मग मी नाजूक, किनरा आवाज काढते, वाक्य म्हणते आणि टाळ्या घेते.

तो आवाज माझा नाही. हे मला माहीत होतं आणि सालोमीला माहीत होतं. बाकी गावाला अडतीस वर्षं मी चक्क बनवलं.

सालोमी आमच्याच आळीतली, माझी जिवाची मैत्रीण. चर्चच्या वार्षिक सणाच्या नाटकात आम्ही दोघी काम करायचो. आमच्या गावचं नाटक चर्चपुढच्या मैदानात व्हायचं आणि तेव्हा माईक नव्हता. तालीम घेणारे गुरुजी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसायचे. शब्द तिथवर पोचला नाही तर टोपी हलवायचे, की पुन्हा पहिल्यापासून! त्या शिस्तीमुळे आमच्याकडच्या बायका कानात गुपित सांगतात तेही शेजारच्या वाडीला कळतं.

अशाच एका नाटकात मुंबईच्या एका निर्मात्याने मला पाहिलं आणि मालिकेत घेतलं. शूटिंगच्या वेळी म्हणाले, आवाज नंतर भरायचा आहे, तुम्हाला बोलावू. मी रोज पोस्टमनची वाट बघायचे. पत्र काही आलं नाही, पहिला भागच आला. पप्पांनी त्यासाठी नवा टीव्ही घेतला होता. फादरना भेटून त्यांनी संध्याकाळची रोझरीची प्रार्थना अर्धा तास आधी करून घेतली. रोझरीची वेळ बदलली, तीही टीव्हीसाठी! गावात असं कधी घडलं नव्हतं. सगळे आमच्या अंगणात येऊन बसले. मी पडद्यावर आले, तोंड उघडलं, आणि कुणा भलत्याच बाईचा नाजूक आवाज बाहेर पडला.

सालोमी पटकन म्हणाली, "हा आवाज इनेझचा नाही." नाटकात तयार झालेला गळा तो, शेवटच्या माणसापर्यंत गेला. पप्पांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा पडलेला चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "मशीनमधून आवाज बारीकच येतो. तुला काय कळतंय? तुला घेतलं नाही म्हणून जळतेस तू."

अंगण हसलं. सालोमी उठून गेली. त्यानंतर ती ना नाटकात उभी राहिली, ना माझ्या दारात. लोकांनी तिचं नाव ‘जळकी सालोमी’ पाडलं. ते माझ्या कानावर पडायचं आणि मी एकदाही म्हटलं नाही की बाबांनो, गप्प बसा. याची मला लाज वाटत होती. पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यात फार अंतर असतं.

तर गेल्या ऑगस्टमध्ये दारात कोण उभं? सालोमीची नात जोआना. सोळा वर्षांची, अकरावीत, पाठीवर बॅग आणि चेहऱ्यावर असा भाव की मीच तिच्याकडे काम मागायला आले आहे. तिच्यामागे हर्षवर्धन, तुळिंजला फ्लॅटमध्ये राहणारा तिच्या कॉलेजातला मुलगा.

"टीचर, यंदा सणाला नाटक नाही, फिल्म," जोआना म्हणाली. "कॉमेडी. तीन टीनएजर जुन्या टीव्हीची एरियल हलवतात आणि डायरेक्ट एका जुन्या सिरियलमध्ये जाऊन पडतात. कुठल्या, ओळखा."

"ओळखायचंय काय त्यात?" मी म्हटलं. "तुझ्या आजीला माहीत आहे तू इथे आलीस ते?"

"आजी म्हणाली, जायचं तर जा. तुमचं भांडण कशावरून झालं ते विचारलं की म्हणते, तिलाच विचार." एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली. मी चहा टाकायला आत गेले.

चहा पिताना तिने सगळं समजावलं. मालिकेचे तेराही भाग कुणीतरी नेटवर टाकले होते. जुनी दृश्यं तशीच ठेवायची आणि त्यात ही पोरं, म्हणजे हर्षवर्धन आणि कॉलेजातले आणखी दोघे, कॉम्प्युटरवर घुसवायची. पण मुलांशी बोलायला सुरेखाला नवी वाक्यं हवीत, आणि ती मी बोलायची.

"आवाज जुळायला पाहिजे हां," हर्षवर्धन म्हणाला. "नाहीतर एक ॲप आहे. जुना आवाज टाकला की नवीन डायलॉग सेम तसाच बोलून देतं."

"मला ॲप नकोय," जोआना म्हणाली. "ओरिजिनल माणूस जिवंत आहे ना!"

ओरिजिनल! मी कप खाली ठेवला आणि त्या किनऱ्या आवाजात म्हटलं, "अगंबाई, दूध उतू गेलं वाटतं!" पोरं टाळ्या वाजवत उठली. हर्षवर्धन म्हणाला, "टीचर, सेम टू सेम!" असणारच. अडतीस वर्षांची तालीम होती. त्या दिवशी मला वाटलं, झालं, याही वेळी निभावलं.

पुढचे दोन महिने मजेत गेले, खोटं कशाला बोलू. पोरं रोज काहीतरी विचारायला यायची. मालिकेत सगळे कपातून चहा पितात तर घोट गिळताना गळा का हलत नाही? मी सांगितलं, कपात काही नसायचं, चहा फक्त निर्मात्याला मिळायचा. मालिकेतले काका तेराही भागांत एकच पेपर वाचतात का? हो, एकच. सामान बघणारा माणूस दुसरा आणायलाच तयार नव्हता. जोआनाने ते सगळं लिहून काढलं. फिल्ममध्ये भुकेला हर्षवर्धन मालिकेतल्या जेवणाच्या टेबलावरचं सफरचंद उचलून चावतो आणि त्याचा दात हलतो, कारण ते मातीचं. खिडकी उघडायला जातो तर नारळाचं झाड भिंतीवर रंगवलेलं. मी वाचता वाचता डोळे पुसत हसले.

शूटिंगला हिरवा पडदा लागतो. तो हिरवा रंग कॉम्प्युटर पुसतो आणि त्या जागी जुनं दृश्य येतं. हर्षवर्धनला शहाणपण सुचलं की पडदा कशाला हवा, सालोमीची केळीची बाग आहे की, सगळं हिरवंच. सकाळभर त्यांनी बागेत शूटिंग केलं. संध्याकाळी बघतात तर पानं गायब, पण खोडं, लोंगर आणि वाळकी पानं जागच्या जागी. सुरेखाच्या दिवाणखान्यात केळीचे घड लोंबत होते आणि त्यातून काका पेपर वाचत होते. आमच्या आळीतल्या मुलाला कळलं असतं की केळ नुसती हिरवी नसते, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला कोण सांगणार? जोआनाने ते दृश्य तसंच ठेवलं.

नोव्हेंबरात हर्षवर्धनच्या घरी जोडलेली फिल्म बघायला बोलावलं. त्याच्या आईने, सुनंदाबाईंनी, पोहे केले होते. पहिली वीस मिनिटं मी पोट धरून हसले. मग सुरेखा आली. पडद्यावरची तिन्ही मुलं तिच्याकडे टक लावून बघतात आणि एक जण म्हणतो, "हिचे ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. बिचारीचं नेट स्लो आहे!" मग तिच्याभोवती नाचत ती तिची नक्कल करतात. ओठ हलवायचे, थांबायचं, मग किनरा आवाज. सुनंदाबाई हसून हसून बेजार झाल्या.

मला हसू आलं नाही. तापलेल्या तव्यावर बसल्यासारखं झालं.

"हे काढा," मी म्हटलं.

"का? सगळ्यात भारी जोक आहे टीचर."

"तेव्हाच्या मशीनचा दोष होता तो. त्याला हसायचं नसतं."

हर्षवर्धनने मान हलवली. पोरगा वाईट नाही, पण त्याला खरं बोलायची खोड आहे. "मशीनचा असता तर सगळ्यांचं असं झालं असतं. बाकीच्यांचे ओठ बरोबर जुळतात. फक्त तुमचेच नाही." त्याने आवाज बंद केला आणि माझा चेहरा मोठा केला. "बघा ना, तुम्ही किती मोठं तोंड उघडून बोलताय. आणि आवाज येतो एवढासा."

मी पाहिलं. बावीस वर्षांची मी, गळ्याच्या शिरा ताणून, मनापासून बोलत होते. त्यातला एकही शब्द कुणाच्या कानावर गेला नव्हता.

जोआना हळूच म्हणाली, "टीचर, आजी म्हणायची तो तुमचा आवाज नव्हता. माझ्या मम्मीला शाळेत सगळे जळकीची मुलगी म्हणायचे. आजी खरं बोलत होती का?"

मी पर्स उचलली. "मला रिक्षा बघायची आहे," म्हटलं आणि जिने उतरले. एका सोळा वर्षांच्या पोरीपुढून मी पळाले. दुसऱ्या कुणाबद्दल हे ऐकलं असतं तर मी त्या बाईची चांगली खरडपट्टी काढली असती.

रविवारी मिस्साला सालोमी माझ्या पुढच्या बाकावर होती. पाठ थोडी वाकली आहे तिची. तीन वेळा मनात आलं, खांद्यावर हात ठेवावा. तीनही वेळा मी प्रार्थनेच्या पुस्तकात तोंड घातलं. देवळात बसून एवढा भित्रेपणा!

घरी आले तर फोनवर जोआनाचा मेसेज. "टीचर, तुम्ही येणार नसाल तर उरलेले डायलॉग हर्षवर्धन ॲपवर करून घेईल. सण पुढच्या रविवारी आहे. चालेल का?"

मी तो मेसेज वाचला आणि माझं पित्त खवळलं. म्हणजे पुन्हा? एकदा माझ्या तोंडात कुणा बाईचा आवाज कोंबला, आता यंत्राचा कोंबणार? मी हयात असताना? पण राग ॲपवर काढून काय उपयोग. माझा आवाज एकदाच चोरला गेला होता. नंतरची अडतीस वर्षं मीच तो लपवून ठेवला आणि त्याची किंमत सालोमीने मोजली. मी जोआनाला लिहिलं, "नाही चालणार. येते आहे. माईक तयार ठेव."

तुळिंजला पोचले आणि चप्पल काढायच्या आधी सांगून टाकलं. "जोआना, तुझी आजी खरं बोलत होती. मी खोटं बोलले. मला पप्पांसमोर मान खाली घालायची नव्हती, म्हणून तिची घातली."

पोरगी रडेल किंवा भांडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "ओके." मग डोळे पुसले आणि वही उघडली. "मग स्टोरी बदलावी लागेल. तिघं सिरियलमधून बाहेर कसे येणार, ते मला सुचतच नव्हतं. आता सुचलं. सुरेखाला तिचा आवाज परत मिळाला की दार उघडतं."

"पण मॅच होणार नाही ना," हर्षवर्धन म्हणाला. "चेहरा बावीसचा, आवाज साठचा."

"होऊ दे," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मी माईकपुढे उभी राहिले आणि माझ्या आवाजात पहिलं वाक्य म्हटलं. हर्षवर्धनने कानांवरून हेडफोन ओरबाडून काढले. "टीचर, आवाजाचा मीटर लाल झाला! मागे जा!" मी मागे गेले. अजून मागे. शेवटी मी स्वयंपाकघरात सुनंदाबाईंच्या ओट्याला टेकून बोलले तेव्हा कुठे माईकला सोसलं. खाली वॉचमनने वर बघून विचारलं की कुणाचं भांडण चाललंय.

सगळं झाल्यावर मी जोआनाला म्हटलं, "मला एक वाक्य माझं घालायचं आहे. तुझ्या आजीला आधी सांगायचं नाही." वाक्य ऐकून ती लगेच कामाला लागली. ओठ जुळायला हवे होते. म आणि प म्हणताना ओठ मिटतात, तिथे पडद्यावरही मिटले पाहिजेत. तेरा भाग पालथे घातले तेव्हा अकराव्या भागात सुरेखा दाराशी उभी राहून काकूंशी बोलते ते नऊ सेकंद सापडले. वाक्य मी आमच्या घरच्या बोलीत बोलले, जी मालिकेत कुणाला चालली नसती. इथे शाळेच्या मराठीत लिहिते आहे, ती हाताची सवय.

सणाच्या दिवशी दुपारी चारला चर्चच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारी मंडळी कुरकुरत आली होती, की नाटक नाही म्हणजे कसला सण! पण लोंबणाऱ्या केळ्यांमधून काकांनी पेपर उलटला तशी तीच मंडळी सगळ्यात मोठ्याने हसली. सालोमी आली होती. नातीची फिल्म, येणारच. ती दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बसली, पटकन उठून जाता येईल अशी. मी दुसऱ्या रांगेत होते.

पडद्यावर मुलं सुरेखाला विचारतात, "तुझा खरा आवाज कुठे आहे?" सुरेखा दाराशी उभी राहते. दोन वेण्या, कोवळा चेहरा. आणि माझा साठ वर्षांचा, जाडाभरडा आवाज हॉलभर घुमला:

"त्या दिवशी सालोमी खरं बोलली होती. खोटं मी बोलले. ती कधीच जळली नव्हती."

पहिल्या क्षणी दोन-चार जण हसले, सवयीने. मग हसू थांबलं. पडद्यावर दार उघडलं, मुलं बाहेर उड्या मारत होती, गाणं लागलं होतं, पण हॉलमध्ये कुणी तिकडे बघत नव्हतं. एकेक मान मागे वळली. मीही वळले.

सालोमी उभी होती. मला वाटलं, गेली आता.

"जोआना," ती म्हणाली, "मागे घे. पुन्हा लाव."

जोआनाने मागे घेतलं. सुरेखा पुन्हा बोलली.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा बोलली. ज्यांनी तिला नाव ठेवलं होतं त्यातले निम्मे आता कबरस्तानात आहेत. उरलेले खाली बघत बसले होते.

सालोमीने पडद्याकडे बोट केलं. "ही बोलली. बावीस वर्षांची पोर आहे ती, तिला काय बोलणार मी. तू बोल."

फिल्मसाठी बोलताना माझ्यापुढे नुसतं यंत्र होतं, आता अख्खं गाव होतं. कुणीतरी माईक पुढे केला, नेहमीसारखा. मी तो बाजूला सारला आणि उठले.

"सालोमी, तू खरं बोललीस. मी तुला सगळ्यांसमोर खोटं पाडलं आणि नंतर कधी सावरलं नाही. तुझ्या पोरीलाही त्याचा त्रास झाला. मला माफ कर." आवाज कापत होता, पण कुणाला "काय म्हणाली?" असं विचारावं लागलं नाही.

ती रांगांमधून वाट काढत पुढे यायला लागली. गुडघ्यांचा त्रास आहे तिला, वेळ लागला. लोक पाय आत घेत होते. माझ्या बाकापाशी येऊन ती थांबली, मला आपादमस्तक बघितलं, आणि चारचौघांत म्हणाली, "अडतीस वर्षं तो मांजरीसारखा आवाज काढत फिरलीस. मला ऐकून ऐकून वीट आला होता."

"मलाही," मी म्हटलं.

"जोआना, पहिल्यापासून लाव. माझं अर्धं लक्ष नव्हतं," तिने नातीला ओरडून सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सरक."

मी सरकले.